एका शब्दावर अडलेली बैठक : १९७१, सनद आणि इंदुरातलं एक वाचक मंडळ

हे प्रकरण इंदुरातल्या एका लहानशा मराठी वाचक मंडळाचं आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी या मंडळाचा संयोजक, व्यवसायाने वकील. जे चुकलं त्यात माझा वाटा मोठा आहे, म्हणून ते लिहून काढायची जबाबदारीही माझीच.

पार्श्वभूमी

रामबागेच्या आसपासची तीस-पस्तीस माणसं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतात. एक विषय, त्यावर चार पानांचं टिपण, दीड तास चर्चा, मग शेव आणि जिरावण घातलेले पोहे. करोनामुळे दीडेक वर्ष हे सगळं फोनवर चाललं होतं. २०२१च्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा समोरासमोर बसायचं ठरवलं आणि डिसेंबरचा विषय आपसूक पुढे आला. बांगलादेश मुक्तीला पन्नास वर्षं होत होती.

इंदुरात हा विषय पुस्तकातला राहत नाही. महूची छावणी वीस-पंचवीस किलोमीटरवर. नोकरीत कधीतरी महूला बदली झाली, हवापाणी मानवलं, निवृत्तीनंतर इंदुरातच घर बांधलं, अशी लष्करी कुटुंबं आमच्या प्रत्येक मराठी वस्तीत आहेत. आमच्या मंडळातही एक आहेत. सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतात. सिग्नल्समधले, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातले. वय त्या वेळी त्र्याहत्तर. बैठकीला सगळ्यांत आधी येणार, शेवटच्या रांगेत बसणार आणि बहुधा काहीच न बोलता जाणार.

विषयाचा मथळा मी दिला : ‘१९७१ : भारताचा लष्करी हस्तक्षेप आणि आंतरराष्ट्रीय कायदा’. पत्रक छापलं, व्हॉट्सअॅपवर टाकलं. वकिलाच्या सवयीने मला तो मथळा अगदी तटस्थ वाटला होता.

अडचण

तीन दिवसांत तीन गोष्टी घडल्या. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘आपल्याच विजयावर खटला चालवायचा आहे का?’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांच्या सभागृहात आम्ही जमतो त्यांच्या विश्वस्तांचा फोन आला, की विषय वादाचा असेल तर जागा देता येणार नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारकाका माझ्या दारात उभे राहिले. स्कूटरच्या डिकीतून चार घड्या घातलेलं पत्रक काढून त्यांनी टीपॉयवर ठेवलं आणि एका शब्दावर बोट टेकवलं.

“हस्तक्षेप? आम्ही काय कुणाच्या घरात हात घालायला गेलो होतो?”

मी समजावायला लागलो. आंतरराष्ट्रीय कायद्यात हा पारिभाषिक शब्द आहे, त्यात निंदा नाही वगैरे. पण बोलता बोलता माझं मलाच जाणवलं, की मराठीत हा शब्द निंदेशिवाय येत नाही. सून-सासूच्या भांडणात शेजाऱ्याने केला तो हस्तक्षेप, मंत्र्याने बदल्यांत केला तो हस्तक्षेप. कायद्याच्या पुस्तकातला कोरडा शब्द मी जसाच्या तसा उचलला होता आणि तो ज्यांच्या कानावर पडणार होता त्यांचा विचार केला नव्हता.

काका थोडे शांत झाले. चहा झाला. मग त्यांनी जे सांगितलं त्याने अडचण एका शब्दापुरती राहिली नाही.

माझ्या टिपणाचा कच्चा खर्डा टीपॉयवरच पडला होता. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं : ‘३ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. म्हणजे भारताची कृती संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१ खालचं स्वसंरक्षण होती.’ काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“पंतप्रधानांचं रेडिओवरचं भाषण त्या मध्यरात्री झालं ना? आम्ही ते ऐकलं तेव्हा सीमेच्या पलीकडे होतो. दहा-अकरा दिवस झाले होते. पाठीवर तारेचं रीळ, कमरेपर्यंत पाणी. युद्ध तीन तारखेला सुरू झालं असेल, तर मग आम्ही आधी काय करत होतो?”

त्यांच्या आवाजात संकोच नव्हता. आदेश होता, गेलो. पण मथळ्यावर आक्षेप घ्यायला आलेला माणूसच माझ्या टिपणातलं सर्वांत सोयीचं वाक्य खोडून गेला होता.

कायद्याचा पेच नेमका कुठे आहे

इथे थोडं थांबून कायदा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २, पोटकलम ४ दुसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडत्वाविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरायला आणि तशी धमकी द्यायला मनाई करतं. सनदेत याला अपवाद दोन. सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण, म्हणजे कलम ५१. आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेची परवानगी. त्या देशाच्या सरकारने स्वतः बोलावलं तर गोष्ट वेगळी. १९८८च्या नोव्हेंबरात मालदीवला आपलं सैन्य गेलं ते तसं. पण ‘शेजारच्या देशात माणसं मारली जात आहेत, म्हणून आम्ही आत शिरलो’ असा अपवाद सनदेत लिहिलेला नाही.

१९७१मध्ये नेमकं तेच घडत होतं. १९७०च्या डिसेंबरातल्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६२ पैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या. सत्ता मिळण्याऐवजी २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्या उन्हाळ्यापासून भारत मुक्तिवाहिनीला, म्हणजे पाकिस्तानी लष्कराविरुद्ध लढणाऱ्या बंगाली बंडखोरांना, शस्त्रं आणि प्रशिक्षण देत होता. २१ नोव्हेंबरपासून भारतीय तुकड्या काही ठिकाणी सीमा ओलांडून लढत होत्या. बोयरा-गरीबपूरची लढाई त्याच दिवसांतली. हे आता युद्धाच्या इतिहासांत उघडपणे लिहिलं जातं. बांगलादेशात सशस्त्र दलांचा दिवस पाळतात तोही २१ नोव्हेंबरलाच.

मग ‘पहिला हल्ला’ कुणाचा? भारताची बाजू अशी, की सीमेवर तोफांचा मारा आणि घुसखोरी पाकिस्तानकडून चालू होती, आपण जागेवर उत्तर दिलं. पाकिस्तानची बाजू अशी, की शेजाऱ्याचं नियमित सैन्य आत आलं, म्हणून ३ डिसेंबर. पुढे १९८६मध्ये निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं, की बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा बळाच्या वापरावरच्या मनाईचा भंग होऊ शकतो, पण तेवढ्याने तो ‘सशस्त्र हल्ला’ ठरत नाही. हे सूत्र १९७१ला मागे नेऊन लावलं तर ते दोन्ही बाजूंनी कापतं. मुक्तिवाहिनीला केलेल्या मदतीबद्दल भारताला प्रश्न विचारला जाईल, पण तेवढ्या मदतीवरून भारतावर विमानं पाठवायचा हक्कही पाकिस्तानला मिळणार नाही. नोव्हेंबरातल्या तुकड्यांचं काय, हा प्रश्न मात्र उभाच राहतो. आणि तो प्रश्न माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात आम्ही चौघं बसलो : मी, राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका ज्यांना सगळे ताई म्हणतात, आमचे खजिनदार, आणि विधी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा.

खजिनदारांचं मत साधं होतं. चर्चा रद्द करावी, काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. पन्नासाव्या वर्षी तेच शोभतं, आणि सभागृहही जात नाही. हा पर्याय भित्रेपणाचा होता असं मला आजही वाटत नाही. सत्कार व्हायलाच हवा होता. पण काकांनी घरी येऊन जे सांगितलं होतं त्यानंतर फक्त शाल घालणं म्हणजे त्यांना गप्प बसवणं झालं असतं.

मुलाचं म्हणणं उलट. मथळा तसाच ठेवा, शब्द शास्त्रशुद्ध आहे, लोकांनी शिकावं. मीही आधी याच बाजूचा होतो. ताईंनी मला एकच विचारलं, “तुम्हाला चर्चा हवी आहे की शब्द?” मी मथळा सोडला.

‘हस्तक्षेप की मुक्ती?’ असा प्रश्नार्थक मथळाही सुचला होता. वर्तमानपत्राला तो आवडला असता. पण तो माणसाला दारातच बाजू निवडायला लावतो, आणि खरी गोष्ट अशी की १९७१मध्ये दोन्ही एकाच वेळी घडलं. अखेरीस ठरलं : ‘१९७१ : पूर्व बंगाल, आपलं सैन्य आणि संयुक्त राष्ट्रांची सनद’. विश्वस्तांना ताई स्वतः भेटून आल्या, टिपण आधी दाखवायचं कबूल केलं, जागा राहिली.

टिपणातल्या तीन वाक्यांचा निर्णय

मथळ्यापेक्षा जास्त वेळ गेला तो टिपणातल्या तीन वाक्यांवर.

पहिलं वाक्य मतदानाचं. युद्ध पेटल्यावर सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचे ठराव आले आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकाराने ते अडवले. ऑगस्टमध्ये झालेल्या मैत्रीकराराचा उपयोग असा झाला. परिषद अडल्यावर ‘शांततेसाठी एकजूट’ या कार्यपद्धतीने प्रश्न आमसभेकडे गेला, आणि ७ डिसेंबरला आमसभेने युद्धबंदी आणि माघारीची हाक देणारा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केला. दहा देश तटस्थ. विरोधात भारत, सोव्हिएत गट, क्यूबा, मंगोलिया आणि त्याच सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांत आलेला भूतान. अलिप्ततावादी चळवळीतले बहुतेक मित्रही आपल्या बाजूने आले नाहीत.

खजिनदार म्हणाले, “हे गाळू. आपलीच बदनामी आपण का वाटायची?” मला त्यांचा राग आला नाही, कारण आकडा पहिल्यांदा वाचल्यावर माझ्याही पोटात खड्डा पडला होता. पण तो गाळला तर पुढचं काहीच समजत नाही. त्या १०४ देशांतल्या अनेकांच्या स्वतःच्या सीमांत एखादा अस्वस्थ प्रांत होता. आज पूर्व बंगालसाठी दार उघडलं तर उद्या आपल्याकडे कोण येईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. जगाने भारताला ‘तुम्ही क्रूर आहात’ असं म्हटलं नव्हतं. ‘हा नियम मोडू देणं आम्हाला परवडणार नाही’ असं म्हटलं होतं. आकडा ठेवला, आणि त्याखाली हे दोन ओळींत लिहिलं.

दुसरं वाक्य भारताच्या युक्तिवादाचं. खर्ड्यात मी लिहिलं होतं, की भारताने मानवतावादी कारणासाठी युद्ध केल्याचं जगाला सांगितलं. ताईंनी ते दुरुस्त करायला लावलं. भारताचे प्रतिनिधी समर सेन सुरक्षा परिषदेत आमचा हेतू शुद्ध आहे, पूर्व बंगालच्या लोकांना यातनांतून सोडवणं एवढाच आहे, असं बोलले होते हे खरं. पण भारताचा कायदेशीर बचाव प्रामुख्याने दुसऱ्या पायावर उभा होता : पाकिस्तानचा हल्ला, आणि एक कोटी माणसं शेजाऱ्याच्या अंगावर ढकलणं हेही एक प्रकारचं आक्रमणच. गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने १९७२च्या अहवालात स्वसंरक्षणाचा दावा पुरेसा मानला नाही, आणि मानवतावादी कारण पुढे केलं असतं तर भारताची कृती समर्थनीय ठरली असती असं म्हटलं. म्हणजे जे कारण नैतिकदृष्ट्या सर्वांत भक्कम होतं, ते आपण कायद्याच्या मुख्य खांबासारखं उभं केलं नाही. कारणही उघड आहे. ते तत्त्व मान्य केलं की ते काश्मीरसकट सगळीकडे लागू करा म्हणणारे उभे राहिले असते.

तिसरं वाक्य काकांचं. तुकड्या नोव्हेंबरातच पलीकडे गेल्या होत्या हे टिपणात इतिहास म्हणून येणारच होतं. पण आमच्यातला एक माणूस तिथे होता, हे लिहायचं का? मुलगा म्हणाला, लिहा, यापेक्षा मोठा पुरावा काय. मी म्हणालो, काकांना विचारल्याशिवाय एक अक्षर नाही. त्यांच्या घरी गेलो. काकूही बसल्या होत्या. काकांनी दोन दिवस मागितले, मग फोन केला : “टिपणात नको. मी स्वतः उभा राहून सांगीन. जेवढं सांगायचं तेवढंच.”

त्या संध्याकाळी

बैठक १२ डिसेंबरला होती. ८ तारखेला कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी आणि सोबतचे अधिकारी-जवान गेले. ग्रुपवर पुन्हा निरोप : अशा दिवसांत सैन्यावर चर्चा नको, पुढे ढकला. हा खरोखर अवघड निर्णय होता आणि आमच्याकडे वेळ नव्हता. मी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, “सैन्यावर बोलणं बंद ठेवून सैन्याला मान मिळत नाही. दोन मिनिटं उभे राहू, मग बोलू.” तसंच केलं.

साठेक माणसं आली. नेहमीच्या दुप्पट. मुलाने कायद्याची बाजू मांडायला सुरुवात केली आणि घाईत कलम ५१ म्हणून वाचून दाखवलं ते आपल्या राज्यघटनेचं : राज्य आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षितता वाढवण्यासाठी, आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर जोपासण्यासाठी प्रयत्न करील. सनदेचं कलम ५१ वेगळं, घटनेचं वेगळं. मी खुणेने सांगायला गेलो तर ताईंनी हात वर करून थांबवलं आणि उठून म्हणाल्या, “चुकून बरं झालं. दोन्ही ५१ शेजारी ठेवूनच आजचं बोलणं करूया. एक म्हणतं हल्ला झाला तर लढायचा हक्क आहे. दुसरं म्हणतं कायद्याची चाड ठेवा. आणि दुसरं लिहिणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष जन्मले आपल्या महूतच.” सभागृह एकदम सैल झालं. मुलाचा चेहराही.

काका नऊ मिनिटं बोलले. लढाईचं जवळजवळ काहीच नाही. पलीकडे जाण्याआधी त्यांची तुकडी कलकत्त्याजवळ काही दिवस होती. सॉल्ट लेकला गटारासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांत निर्वासित राहत होते. एका पाइपाच्या तोंडाशी एक बाई तीन विटांवर भात शिजवत होती आणि पाइपाच्या आतल्या अंगाला तिने खडूने दाराची चौकट काढली होती. “घर म्हणून,” काका म्हणाले. “कायदा मला तेव्हा माहीत नव्हता, आजही पुरता नाही. ते दार मात्र पाहिलंय. आणि हो, तीन तारखेच्या आधी आम्ही पलीकडे होतो. पोरांनी टिपणात लिहिलंय ते बरोबर आहे.” मग ते खाली बसले.

यानंतर प्रश्न आला तो एका तरुण मुलीचा, आणि संध्याकाळचा सर्वांत नेमका तोच. “काका म्हणतात ते खरं. पण उद्या कुणी मोठा देश हेच कारण सांगून दुसऱ्यावर बॉम्ब टाकायला लागला तर आपण काय म्हणायचं?”

मी तिला १९९९ सांगितलं. कोसोव्होत अल्बेनियन लोकांवर अत्याचार होत होते, त्याबद्दल वाद नव्हता. सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता नाटोने २४ मार्चला बॉम्बफेक सुरू केली, ती ७८ दिवस चालली. ती ताबडतोब थांबवा असा मसुदा रशियाने परिषदेत आणला, त्याच्या सहप्रस्तावकांत बेलारूसबरोबर भारत होता. २६ मार्चला तो ३ विरुद्ध १२ मतांनी पडला. १९७१मध्ये १०४ देशांनी आपल्याला जे सांगितलं तेच आपण २८ वर्षांनी नाटोला सांगत होतो. नंतर एका स्वतंत्र आयोगाने कोसोव्होबद्दल निष्कर्ष काढला : बेकायदा, पण न्याय्य. २००५च्या शिखर परिषदेत सगळ्या देशांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ मान्य केली, पण किल्ली सुरक्षा परिषदेकडेच ठेवली. २०११मध्ये लिबियासाठी ती किल्ली फिरली, ठराव १९७३. भारत तटस्थ राहिला. नागरिकांना वाचवण्याची परवानगी सत्तांतरापर्यंत कशी ताणली गेली ते सगळ्यांनी पाहिलं.

“मग आपण १९७१ला चुकलो की १९९९ला?” तिने विचारलं.

मी तेव्हा जे उत्तर दिलं ते गुळमुळीत होतं. आज देईन ते असं : १९७१ला सनदेचं शब्दशः पालन झालं नाही, आणि तरीही ते करणं योग्य होतं. ही दोन्ही वाक्यं मी एका दमात म्हणू शकतो. पण दुसरं वाक्य म्हणायचं असेल तर पहिलं लपवता येणार नाही, कारण ते लपवलं की दुसऱ्या कुणाच्याही लपवण्यावर बोट ठेवायचा हक्क जातो.

काय निष्पन्न झालं

एका जुन्या देणगीदाराने त्या वर्षी पैसे दिले नाहीत. दोन कुटुंबं यायची थांबली, त्यातलं एक अजून आलेलं नाही. खजिनदारांनी राजीनामा लिहून आणला होता, पण बैठकीनंतर तो दिला नाही. कारण मी विचारलं नाही. विधीचे चार नवे विद्यार्थी येऊ लागले. काकांनी टिपणाच्या तीन प्रती मागून घेतल्या, एक पुण्याच्या नातवासाठी.

टिपणाचा खरा उपयोग मात्र अडीच महिन्यांनी झाला. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियन सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. त्या दिवशीच्या भाषणात पुतिन यांनी कलम ५१चं नाव घेतलं आणि दोनबासमध्ये नरसंहार चालल्याचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी परिषदेतला ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला, २७ला ‘शांततेसाठी एकजूट’ने प्रश्न आमसभेकडे गेला, आणि २ मार्चला १४१ विरुद्ध ५ मतांनी ठराव झाला. भारतासह ३५ देश तटस्थ. मंडळातल्या माणसांना यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा होता. कुणीतरी ग्रुपवर आमच्याच टिपणाच्या दुसऱ्या पानाचा फोटो टाकला.

१३ मार्चच्या बैठकीत सरळ प्रश्न आला : शब्द तेच, पद्धत तीच, मग १९७१ आणि हे एकच का?

मी कागद घेऊन उभा होतो. अत्याचारांचे स्वतंत्र साक्षीदार होते की नव्हते? १९७१च्या एप्रिलमध्ये ढाक्यातल्या अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्यांनीच आपल्या सरकारविरुद्ध निषेधाची तार पाठवली होती. आधी दुसरे मार्ग चोखाळले की नाही? इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाश्चात्त्य राजधान्या फिरल्या होत्या. त्या भूमीतल्या लोकांचा कौल काय होता? तो मतपेटीतून आलेला होता. एवढं झालं आणि शेवटच्या रांगेतून काका म्हणाले, “आम्ही मार्चमध्ये परत आलो.”

ढाक्याला निरोपाचं संचलन झालं ते १२ मार्च १९७२ला. आदल्याच दिवशी त्याला पन्नास वर्षं झाली होती, आणि ते लक्षात असलेला माणूस सभागृहात एकच होता. कंबोडियात ख्मेर रूजची भीषण राजवट व्हिएतनामने १९७९च्या जानेवारीत उलथली, तेही माणसं वाचवणारंच होतं, पण व्हिएतनामी सैन्य तिथून निघालं १९८९मध्ये. हेतूचा पुरावा भाषणात कमी आणि परतीच्या तारखेत जास्त सापडतो, हे मी एवढी वर्षं कायदा वाचून इतक्या सरळपणे कधी मांडलं नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

मथळा छापण्याआधी तो काकांना दाखवायला हवा होता. ‘ज्यांच्यावर चर्चा आहे त्यांना आधी विचारा’ एवढी साधी गोष्ट मी अशिलांना रोज सांगतो, आणि इथे विसरलो. त्यामुळे तीन दिवस विनाकारण कडवटपणा झाला आणि दोन कुटुंबं दुरावली. ती कदाचित विषयावरून नाही, त्या पहिल्या पत्रकावरून गेली.

निर्वासितांची बाजू आम्ही फक्त काकांच्या तोंडून ऐकली. इंदुरात बंगाली कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या कुणाच्या आजी-आजोबांनी तो रस्ता तुडवला असेल. शोधलंच नाही. पाकिस्तानची कायदेशीर बाजूही टिपणात चार ओळींत आटोपली. १९७३मध्ये पाकिस्तानने भारताच्या ताब्यातल्या आपल्या १९५ युद्धकैद्यांच्या प्रश्नावर नरसंहारविरोधी कराराचा आधार घेऊन भारताला हेगच्या न्यायालयात खेचलं होतं, आणि मग तो खटला मागे घेतला. त्याचा उल्लेखही राहिला. प्रतिपक्ष कमकुवत दाखवून आपली बाजू मजबूत होत नाही हे न्यायालयात कळतं, मंडळात ते पाळलं नाही.

पुढे ढकलण्याचा निर्णय काकांवर सोपवला तेही मला आता बरोबर वाटत नाही. त्यांनी धीराने उत्तर दिलं, पण तो भार संयोजकाचा होता. कुन्नूरची बातमी आल्यापासून ते नीट झोपले नव्हते, हे काकूंनी नंतर सांगितलं.

टिपणाची दुसरी आवृत्ती या वर्षी काढली. पहिल्या पानावरचं ‘३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं’ हे वाक्य ‘३ डिसेंबरला युद्ध जाहीरपणे सुरू झालं’ असं झालं आहे. ‘जाहीरपणे’ हा शब्द काकांनी प्रुफावर निळ्या शाईने घातला. पुढचा विषय गोवा, डिसेंबर १९६१. त्याच्या मथळ्याचा कागद सध्या त्यांच्या स्कूटरच्या डिकीत आहे.